पाच मिलिमीटर

सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या घरातून दोघी शाळेत जातात. नात पहिलीत आहे. सून कितवीत आहे ते मात्र विचारू नका, ते तिलाही सांगता येत नाही."

यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे तिला लग्नाला आठ वर्षं झाली तरी उमगलं नव्हतं. पण हिशोब चुकीचा नव्हता. डॉक्टर व्हायला सहा वर्षं गेली. मग रेडिऑलॉजिस्ट व्हायला चार. घरच्यांना वाटलं, झालं एकदाचं. तेवढ्यात तिने जाहीर केलं की डोक्याचे आणि कानांचे स्कॅन वाचण्यात तिला खास तयार व्हायचंय, आणि त्यासाठी एका वर्षाची फेलोशिप आहे, दुसऱ्या शहरात. नवरा म्हणाला, "जा. पण हे शेवटचं ना?" ती म्हणाली, "शेवटचं." मुलीने विचारलं, "एक वर्ष म्हणजे किती झोपा?"

आता त्या वर्षातले दहा महिने संपले होते.

तिची कामाची खोली दुसऱ्या मजल्यावर, एमआरआयच्या मागच्या बाजूला होती. खिडकी होती, पण तिच्यावर काळा पडदा कायमचा ओढलेला. आत चार टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन मोठे मॉनिटर, आणि त्यांच्या करड्या उजेडात बसलेली माणसं. बाहेर ऊन आहे की ढग, हे आत येणाऱ्याच्या कपड्यांवरून ओळखायचं. तिथल्या टेक्निशियनने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव 'पट्टी' ठेवलं, कारण ती प्रत्येक गाठ दोनदा मोजायची. "आली आमची पट्टी," तो म्हणायचा, "आता मिलिमीटरला सुट्टी नाही." तिला ते नाव आवडलं होतं. दहा वर्षं शिकल्यावर माणसाला निदान एक तरी गोष्ट नेमकी येते, असं त्या नावात होतं.

विभागाच्या प्रमुख म्हणजे मॅडम. सत्तावीस वर्षं त्याच खोलीत बसत होत्या. फिल्म दिव्यासमोर लावून भिंगाने बघायच्या काळापासून. फेलो त्यांना पाठीमागे 'भिंगबाई' म्हणायचे आणि त्यांच्यासमोर जाताना आकडे आधी पाठ करून जायचे. पण तिच्यावर मॅडमचा जीव होता. "ए, इकडे ये गं, हे बघ," म्हणून हाक मारायच्या, पेनाच्या टोपणाने काचेवर टकटक करायच्या, आणि जे पुस्तकात पानभर असतं ते एका वाक्यात सांगायच्या. त्यांचा एक दंडक होता: रिपोर्ट लिहिताना मागचा स्कॅन डाव्या पडद्यावर, आजचा उजव्या पडद्यावर. मागचं आणि आजचं शेजारी ठेव, मग बोल. सगळा विभाग तसाच वाचायचा. संगणकही तसाच लावून ठेवला होता. पेशंटचं नाव उघडलं की लगेच मागचा आणि आजचा स्कॅन आपोआप शेजारी येत.

घराजवळच्या हॉस्पिटलात नेमकी तिच्याच कामाची जागा रिकामी होती. तिथल्या प्रमुखांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या मॅडमचं पत्र आलं की पक्कं धरा." घरापासून पायी पंधरा मिनिटं. मुलीची शाळा वाटेत. त्या पत्राबद्दल मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या, "लिहिते गं, चांगलं लिहायला वेळ लागतो."

त्या मंगळवारी सकाळी यादीत एका गॅरेजवाल्याचं नाव आलं.

तिला तो आठवत होता, कारण रेडिऑलॉजिस्टला पेशंट सहसा भेटत नाही, फक्त त्याच्या आतलं भेटतं. पण हा दहा महिन्यांपूर्वी, ती नवी होती तेव्हा, मशीनच्या दाराशी हॉस्पिटलचा अंगरखा घालून उभा होता आणि कानात बोळे घालायला तयार नव्हता. टेक्निशियनने तिला बोलावलं. पन्नाशीचा, नखांत काळं ग्रीस.

"बोळे घाला, आवाज फार मोठा असतो आत," ती म्हणाली.

"असू दे की. मला ऐकायचंय. तुमच्या मशीनचा पट्टा सैल आहे कुठेतरी."

"पट्टा नसतो हो याला."

"मग जे काय असेल ते सैल आहे." मग हसला. "डॉक्टर, मी बॉनेट आधी उघडत नाही. गाडी चालू करायला लावतो आणि हा उजवा कान तिकडे करतो. निम्मं काम तिथेच होतं. या कानातच तुमची ती गाठ बसलीये, म्हणून विचारतो. कान राहील ना?"

गाठ कॅन्सरची नव्हती. ऐकण्याच्या नसेवर हळूहळू वाढणारी, कधीकधी वर्षानुवर्षं न वाढणारी. म्हणून अशा पेशंटला लगेच कोणी हात लावत नाही, दर वर्षी स्कॅन काढून नजर ठेवतात. गाठ दोन मिलिमीटर किंवा जास्त वाढली की वाढ धरायची आणि उपचाराचं बोलायचं, तेही ऐकू येतंय तोवर. त्याहून कमी फरक आला तर तो मोजणाऱ्याच्या हाताचा फरक समजायचा.

"आम्ही लक्ष ठेवतोय," तिने त्याला सांगितलं होतं.

आता तो ठरल्या वेळेच्या दोन महिने आधीच आला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: उजव्या कानाने ऐकू येणं कमी झालंय.

तिने नाव उघडलं. महिन्याभरापूर्वी हॉस्पिटलचे जुने स्कॅन नव्या साठ्यात हलवले होते आणि तेव्हापासून काहीतरी अडकायचंच. डाव्या पडद्यावर मागचा स्कॅन आला नाही. गोल चक्र फिरत राहिलं. मग यादीतलं जे हाताला लागलं ते तिने उघडलं: चार वर्षांपूर्वीचा, अगदी पहिला.

डावीकडे नसेवर मुगाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. उजवीकडे वाटाणा.

तिला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचा स्कॅन उघडला. तिने नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. मग मोजलं. सात मिलिमीटर. बारा मिलिमीटर. सवयीने पुन्हा मोजलं. सात. बारा.

चक्र थांबलं, मधले स्कॅनही आले. तिने एकेक मोजला. दुसरा आठ. तिसरा नऊ. चौथा साडेदहा. आणि आजचा बारा. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा एक, फार तर दीड. मधल्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एकच वाक्य: मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही. दुसरा रिपोर्ट मॅडमचा. तिसरा मागच्या फेलोचा, खाली मॅडमची सही. चौथा तिचा स्वतःचा, खाली मॅडमची सही.

तो मागचा स्कॅन वेळेवर उघडला असता तर आजही तिने तेच वाक्य लिहिलं असतं. साडेदहा, बारा, लक्षणीय बदल नाही. हे कळल्यावर तिने पाचही आकडे एका ओळीत लिहून काढले. तिसऱ्या स्कॅनलाच पहिल्यापेक्षा दोन मिलिमीटर भरले होते. त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. त्या वेळच्या ऐकण्याच्या तपासणीचा कागद तिने काढून पाहिला. उजवा कान चांगला होता. आजचा कागदही होता. त्यावरची रेघ उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती.

शेजारच्या टेबलावर तिच्याबरोबरचा दुसरा फेलो बसायचा. सगळे त्याला लांब्या म्हणायचे. तिने त्याला खुणेने बोलावलं. तो खुर्ची सरकवत आला, पाहिलं, शीळ घालायला ओठ केले आणि घातली नाही.

"आयला."

"हं."

"बरं, घाबरू नकोस. सोपं आहे. लिही, पहिल्या स्कॅनच्या तुलनेत पाच मिलिमीटर वाढ, उपचाराचा विचार व्हावा. खोटं आहे का? नाही. सर्जन उद्याच त्याला बोलावेल. काम झालं."

"आणि मधले तीन रिपोर्ट?"

"त्यांना कोण वाचतं गं परत?"

"पुरवणी लिहायला हवी ना? की आधीचे रिपोर्ट चुकले."

लांब्याने खुर्ची थोडी मागे घेतली. "पट्टी, दोन महिने राहिलेत. पत्र यायचंय. आणि पुरवणी लिहिणार कोणाच्या रिपोर्टवर? भिंगबाईंच्या. तू काय डोक्यावर पडलीस का?"

"एक माझाही आहे."

"मग तर गप्पच बस."

त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं तिला ठामपणे वाटेना, हेच जास्त त्रासाचं होतं. पेशंटला आता जे मिळायचं ते दोन्ही प्रकारे तेच मिळणार होतं. ती संडासात जाऊन तोंडावर पाणी मारून आली. आरशातली बाई थकलेली दिसत होती, फार वाईट नव्हती दिसत. घरापासून पंधरा मिनिटं, मुलीची शाळा वाटेत. तिने मनात तो रस्ता चालून पाहिला. कोपऱ्यावरचं चप्पल दुरुस्तीचं दुकान, पुढे त्या हॉस्पिटलचं निळं फाटक. मग तिला दुसरीच गोष्ट सुचली आणि ती नको असताना सुचली: अशा गाठींवर दर वर्षी नजर ठेवलेली माणसं एकट्या गॅरेजवाल्यापुरती नव्हती. विभागाच्या यादीत दीडशेच्या आसपास नावं होती. सगळी याच खोलीत, याच दोन पडद्यांवर वाचलेली.

मॅडमच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं.

"ये. चेहरा का असा? पत्राचं म्हणशील तर आज लिहायलाच घेतलंय."

"पत्राचं नाही मॅडम. एक केस बघाल का?"

मॅडमनी चष्मा बदलला. तिने पाचही स्कॅन ओळीने लावले. मॅडमनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक मोजत गेल्या. सावकाश, तिने आजवर पाहिलं नव्हतं इतक्या सावकाश. शेवटचा मोजून झाल्यावर माउस बाजूला ठेवला.

"माझा आकडा बरोबर होता," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम. सगळ्यांचेच आकडे बरोबर आहेत."

"लिही, पहिल्या स्कॅनपासून पाच मिलिमीटर वाढ. सर्जनला मी फोन करते. त्याचा वेळ जाऊ नये."

"आणि मधल्या तिन्हींवर पुरवणी?"

"कशाला? ते त्या त्या दिवशीचे रिपोर्ट आहेत. त्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं."

"तिसऱ्या स्कॅनला दोन भरले होते. तेव्हा त्याला नीट ऐकू येत होतं." तिने त्या वेळचा कानाच्या तपासणीचा कागद पुढे केला. "त्याला ते कळायला हवं ना मॅडम?"

"कळून त्याचा कान परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

ती म्हणाली, "यादीत दीडशे लोक आहेत. आपण सगळ्यांचं मागचंच बघतो. पुरवणी लिहिली तरच बाकीचे काढावे लागतील. नाही लिहिली तर पुढच्या आठवड्यात मीच पुन्हा कोणाला तरी 'बदल नाही' लिहीन."

"तुला समजतंय का तू काय मागतेस? सत्तावीस वर्षांचं काम उघडायला सांगतेस मला."

"चौथा माझा आहे मॅडम. मी माझ्यापासून सुरू करते."

"मोठी आली सुरू करणारी." मॅडम खिडकीकडे बघू लागल्या. त्यांच्या खिडकीला पडदा नव्हता, खाली पार्किंग दिसायचं. मग मान न वळवता म्हणाल्या, "लिही. माझ्या नावासकट लिही. एकही शब्द मऊ करू नकोस. आणि जा आता."

तिने लिहिलं. सात ओळी. तीन तारखा, तीन आकडे, कोणी वाचलं, कोणी सही केली, काय दिसायला हवं होतं. संध्याकाळी मॅडमची सही झाली होती. एक स्वल्पविराम तेवढा वाढला होता.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनाच्या खोलीत आल्या, तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची यादी झाली की मला कळवा."

तुमची. लांब्याने वळून पाहिलं. पुढचे दोन महिने मॅडमनी तिला रागावलं नाही, चूक काढली नाही, कमी शिकवलं असंही म्हणता येणार नाही. विचारलं तर नीट सांगायच्या. फक्त 'तुम्ही' म्हणून. टोपणाची टकटक थांबली. एखाद्या घरात वर्षभर राहावं आणि एका सकाळी तिथल्याच माणसाने आपल्याला चहा देताना 'पाहुण्यांना' म्हणावं, तसं झालं.

पण दीडशे नावांची यादी मॅडमनीच काढली होती. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या बसत. त्या, ती आणि लांब्या असे तिघे मिळून पहिला आणि शेवटचा स्कॅन शेजारी लावत गेले. नऊ जणांत तीच गोष्ट निघाली. त्यांतले पाच रिपोर्ट मॅडमचे होते. एकदा तिने पाहिलं, मॅडम एका पडद्यापुढे चष्मा काढून, हाताची बोटं डोळ्यांवर दाबून बसल्या होत्या. काहीतरी बोलावंसं वाटून ती पुढे झाली. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, तेवढा दिवा बंद करा." तिने दिवा बंद केला.

पत्र गेलं. तिला त्याची प्रत मिळाली. पाच ओळी. अमुक तारखेपासून फेलो आहेत. काम नियमित. मापनात काटेकोर. खोटं एकही अक्षर नव्हतं, आणि ज्यासाठी वेळ लागतो म्हणत होत्या ते काहीच नव्हतं.

दहा दिवसांनी नवऱ्याचा फोन आला. घराजवळच्या त्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या त्याच्या मित्राकडून त्याला कळलं होतं.

"त्यांनी दुसरं कोणीतरी घेतलं," तो म्हणाला. "पत्र थंड होतं म्हणे. काही झालं होतं का तिकडे?"

तिने सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये बरोबर केलंस असंही होतं आणि मग आता काय असंही. मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणते? अजून एक इयत्ता का?" मग फोन त्यांनीच ओढून घेतला असावा. "हे बघ, नोकरी तिथे नाही तर दुसरीकडे. जेवतेस ना वेळेवर? तुझा आवाज सुकलाय." आणि लगेच मुलगी, फोन तोंडाला चिकटवून: "आई, तू नापास झालीस?"

"एका पेपरात, राणी."

"मग परत द्यायचा?"

"हं. परत द्यायचा."

गॅरेजवाल्याच्या बाकीच्या तपासण्या झाल्या. उपचार काय करायचा ते सांगायला कान-नाक-घशाच्या सर्जनने त्याला बोलावलं. तिने विचारलं, "मी येऊ का?" सर्जनने भुवया उचलल्या. "तुमच्याकडचं कोणी कधी येत नाही. पुरवणी मी वाचलीये, सांगतो ना मी." ती म्हणाली, "मला यायचंय."

खोली लहान होती. गॅरेजवाला आणि त्याची बायको शेजारी बसले होते. बायको त्याच्या डाव्या बाजूला, मुद्दाम, ऐकू येणाऱ्या कानाकडे. सर्जन चांगला बोलला. गाठ आता थांबवता येईल, जिवाला धोका नाही, उजव्या कानाचं ऐकू येणं मात्र राहील असं वाटत नाही. मग पुरवणीचं सांगितलं. आधीच्या तपासण्यांत वाढ लक्षात आली नाही, असं म्हणाला.

"लक्षात आली नाही म्हणजे?" बायकोने विचारलं. "दर वर्षी येत होतो ना आम्ही? एकदा तरी चुकवलं का?"

"नाही चुकवलं," ती म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "मागचा रिपोर्ट मी लिहिला होता. बदल नाही असं मीच लिहिलं."

गॅरेजवाला तिला निरखत राहिला. ओळख पटायला वेळ लागला. "तुम्ही होय," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचा होतो तसा. "तेव्हा कळलं असतं तर कान राहिला असता?"

"तेव्हा कदाचित. त्याच्या आदल्या वर्षी शक्यता बरीच होती."

"दाखवा मला."

सर्जनने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने तोवर मॉनिटर वळवला होता. पहिला स्कॅन डावीकडे, आताचा उजवीकडे. दोन ठिकाणी बोट ठेवलं, हे, आणि हे, आणि हात मागे घेतला.

तो पुढे झुकला. फार वेळ नाही.

"हे तर मलाही दिसतंय," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मग तुम्हाला का नाही दिसलं?" बायको म्हणाली. "तुमचा तर हाच धंदा ना?"

तिच्याकडे सगळं तयार होतं. मोजणीतला फरक, दोन मिलिमीटरचा नियम, दर वेळी एक, फार तर दीड. बरोबर आकड्यांचं एक अख्खं उत्तर. ते तिने बाजूला ठेवलं.

"आम्ही ही दोन कधी शेजारी ठेवून बघितलीच नाहीत," ती म्हणाली.

"चार वर्षांत?"

"चार वर्षांत."

बायकोने तोंड दुसरीकडे फिरवलं. सर्जनने कागद नीट केले. ती मॉनिटर परत वळवायला उठली, तेव्हा गॅरेजवाल्याने हात वर केला.

"राहू द्या जरा," तो म्हणाला.

तिने हात खाली घेतला आणि त्याच्या डाव्या बाजूला, त्याच्या बायकोच्या मागे, उभी राहिली.